गाळलेली ओळ

सातारा,
६ मार्च १९७८

प्रिय साळूआक्का,

आबांना आपण तीन लेकरं, आणि त्यांनी मोजलं ते एकच. तू पोरगी म्हणून बाजूला, मी पुस्तकात तोंड घालून बसणारा म्हणून बाजूला, आणि उरला तो सयाजीदादा. ही आपल्या दोघांची जुनी तक्रार. परसात शेंगा फोडत बसून ती आपण किती वेळा बोललो असू! तू हसून म्हणायचीस, "आपुन दोगं वरच्या मातीचं रं, दादा तेवडा पेवातला." या तक्रारीनंच आपल्याला एकमेकांशी बांधलं. आज मीही तिच्यापासूनच सुरुवात करतोय, कारण तिचाच आधार घेऊन मी तुझं वाईट केलं.

हे पत्र दाजी तुला वाचून दाखवतील. दाजी, नमस्कार. हात जोडून सांगतो, मोठ्यानं वाचा आणि एकही ओळ गाळू नका. मधेच मला शिव्या द्याव्याशा वाटतील. द्या. पण ओळ संपल्यावर द्या.

खरं तर मी पलूसला येऊन तुझ्यासमोर बसायला हवं होतं. शनिवारपासून दोनदा स्टँडवर जाऊन परत आलो. समोर आलो की मी बोलणार, आणि मी बोललो की माणसं मान डोलावतात. पंचवीस वर्षं हेच करत आलोय. तू तर माझं पहिलं वाक्य संपायच्या आत मान डोलावतेस. म्हणून तोंड बंद ठेवून लिहायला बसलो. काल शिरवळला कामगारांची सभा होती, तिथंही गेलो नाही. घसा बसलाय असा निरोप धाडला. घसा चांगला खणखणीत आहे. तुझी भावजय दोनदा येऊन विचारून गेली, कुठल्या भाषणाची तयारी चाललीय म्हणून.

आक्का, परवा मला ती सकाळ आठवली. मी दहा वर्षांचा होतो, तू पंधराची. हरिपूरच्या रानात मोठ्या चिंचेजवळचं पेव उघडायचं होतं. आबांनी स्वतःच्या हातानं खणलेल्या अकरा पेवांतलं ते सगळ्यांत खोल. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली घराएवढं पोट, आणि पोटात सांगलीच्या व्यापाऱ्यांची हळद. आबांचा नियम असा की पेव भरून झालं की वर पाला, वर माती आणि सगळं रान सपाट. खूण म्हणून दगडसुद्धा ठेवायचा नाही. जागा कळायची ती पावलांनी. चिंचेपासून दक्षिणेला किती, मग विहिरीकडं वळून किती. आणि पावलं कुणाची? तुझी. आबा तुला पुढं चालवायचे, स्वतः मागून आकडा म्हणायचे. थोरल्याची पावलं लांब पडतात, धाकट्याचं ध्यान नसतं, पोरगी चालंल ती नेमकी, असं म्हणायचे. अकराही पेवांचे आकडे त्यांनी तू दहा वर्षांची असतानाच तुझ्या पावलांवर बसवले होते.

त्या सकाळी तोंडावरची माती काढली, शेटजी छत्री टेकून उभे, सयाजीदादा कमरेला दोर बांधून तयार. तू कंदील खाली सोडलास. निम्म्यात ज्योत बारीक झाली आणि तळाजवळ विझली. पुन्हा पेटवून सोडलास, पुन्हा विझली. तू म्हणालीस, "न्हाई. आत हवा वाईट हाय." शेटजी म्हणाले, गाड्या खोळंबल्यात. दादा म्हणाला, "हिचं काय ऐकताय आबा? हात हालला आसंल हिचा." तू पेवाच्या तोंडावर दोन बाजूंना दोन पाय टाकून उभी राहिलीस. "उतरायचं त्येनं माज्यावरनं उतरावं," म्हणालीस. आबांनी दादाचा दोर सोडला. दुपारी कंदील तळाला टेकला, जळत राहिला, तेव्हा तू पाय काढलेस. तुझ्या एका शब्दावर आबा आपला थोरला मुलगा जमिनीत सोडायचे, नाहीतर थांबवायचे. एवढा तुझा शब्द मोठा. आणि धंद्याच्या पाटीवर नाव काय? "सयाजी आणि वडील."

आबा गेल्यावर पहिलं पेव उघडताना दादानं तीन ठिकाणी खणलं. हळद लागेना. शेवटी पलूसला बैलगाडी धाडली. तू आलीस, पदर खोचलास आणि चिंचेला पाठ लावून चालायला लागलीस, बेचाळीस वर्षांची बाई, दहा वर्षांच्या पोरीची पावलं टाकत. गडी तोंडाला हात लावून हसत होते. तू थांबलीस तिथं कुदळ मारली आणि तोंड सापडलं. त्या दिवशी मी बांधावर उभा होतो. मला वाटलं, हा धंदा कुणाचा हे आता कुणाला विचारायची गरज नाही. मला हे तेव्हाच कळलं होतं, आक्का. पुढं जे केलं ते कळून केलं.

पण आधी पासष्ट सालातलं ते पत्र. दाजी, तुमच्या लष्करी इस्पितळातून आलेलं. लढाई थांबली होती, आक्का हरिपूरला माहेरी होती, आणि तुम्ही पडल्या पडल्या कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं की डावा पाय गुडघ्याखाली काढला. मी ते उंबऱ्यात उभं राहून आधी मनात वाचलं. आईनं माझा चेहरा बघितला, मला चुलीपाशी ओढलं आणि म्हणाली, "जोती, तेवडी वळ गाळ रं. उद्या सांगू. आज पोरगी जेवली न्हाई अजून." मी ऐकलं नाही. सोप्यात येऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. तू रडली नाहीस. फक्त विचारलंस, "कंचा पाय म्हणालास?" मी म्हणालो, डावा. तू म्हणालीस, "मग उजवा हाय." आणि नंतर आईला म्हणालीस, "ह्येच्यासारकं वाचावं. घास आडकला तरी चालंल, वळ आडकू ने." त्या दिवसापासून तू दुसऱ्या कुणाकडूनच काही वाचून घेईनास. पलूसात शिकलेली माणसं नव्हती का? घरात दाजी नव्हते का? पण सरकारी कागद असो, लग्नाची पत्रिका असो, पदराच्या गाठीत बांधून ठेवायचीस आणि मी आलो की काढायचीस.

दाजी, पुढचं सावकाश वाचा.

आबांच्या तेराव्याला भावकी जमली होती. मी म्हणालो, आई आधीच गेली, आता धंद्याचं आपण तिघांनी बसून ठरवू. छप्पन्न सालच्या कायद्यानं बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत लेकीचाही लेकाइतकाच वाटा आहे. दादा पेवातून वर आला होता, कानापर्यंत पिवळा. तो सगळ्यांदेखत म्हणाला, "जोतीचं तोंड म्हंजे मोकळं पेव हाय गड्यांनो. झाकण काडलं की नुसतं वारं. हळद आमी भरायची." सगळी भावकी हसली. जेवणावळीत वाढणारी पोरंसुद्धा हसली. हजारो माणसं मला ऐकायला येतात, टाळ्या वाजवतात, आणि माझ्याच दारात मी वारा ठरलो. ते हसू माझ्या कानातून गेलं नाही. मी मोठमोठी पुस्तकं वाचली, माणूस माणसाला कसा नागवतो त्यावर तासन् तास बोललो, पण त्या दुपारनंतर मला दादाला हरवायचं होतं. बाकी सगळी तत्त्वं त्यावर घातलेला पाला होता.

पुढच्या वर्षी दादानं सात पेवं बुजवून तिथं सिमेंटचं गोदाम बांधायचं काढलं. ट्रक थेट दाराशी लागेल म्हणाला. तू किती कळवळलीस! "आबांचं हात हायेत त्या मातीत, जोती. बुजवू दिऊ नगंस," एवढंच परत परत म्हणत होतीस. ते मला बरोबर सापडलं.

त्या दिवाळीत मी पलूसला चार दिवस राहून तुला सही शिकवली, आठवतं? तेव्हा गावोगाव मी भाषणं देत होतो, अंगठा पुसा, आपलं नाव आपल्या हातानं लिहा. अंगणात राखेवर तू बोटानं नाव गिरवलंस. "सा" जमला, "ळू" उलटा पडायचा. चौथ्या दिवशी पाटीवर नीट आलं तेव्हा तू पाटी घेऊन शेजारणीला दाखवायला धावलीस. ही गोष्ट मी नंतर कितीतरी सभांत सांगितली. बायांचे डोळे भरून यायचे. कुणी विचारलं नाही, मास्तर, सहीच का शिकवलीत, वाचायला का नाही? वाचायला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगायचो. ते खोटं आहे. कागदाचा मजकूर तेव्हा माझ्या पिशवीत होता.

मार्गशीर्षात दाजी नव्या पायाच्या मापाला पुण्याला गेले. त्याच आठवड्यात मी आलो. योगायोग नव्हता, त्यांच्या तारखेचं पत्र तू मलाच वाचायला दिलं होतंस. मी म्हणालो, आक्का, पेवं वाचवायचा कागद केलाय, सांगलीला सही करायला चल. तू विचारलंस, "ह्यास्नी इचारू का आदी?" मी म्हणालो, आल्यावर सांग की, दादा थांबायचा नाही तोवर. आणि मग मी बोललो. आक्का, तुझ्या उंबऱ्यावर अर्धा तास मी जे बोललो, तसं भाषण आयुष्यात कुठल्याही मैदानावर केलं नाही. आबांचे हात, तुझी पावलं, बुजणारी पेवं. ऐकायला एकच बाई होती, आणि ती माझी बहीण होती.

सांगलीत नोंदणी कचेरीच्या पायरीवर बसून मी तुला कागद वाचून दाखवला. पेवं मोडायची नाहीत, ते वाचलं. आबांचं नाव, गट, चतुःसीमा, सगळं वाचलं. दुसऱ्या पानावर एक ओळ होती, तिथं मी श्वाससुद्धा घेतला नाही, खालच्या ओळीवर उडी मारली. वाचनाची सवय आहे मला, ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. आत साहेबानं तुला विचारलं, "बाई, कागद वाचून समजून घेतला का?" तू म्हणालीस, "आवं, ह्येनं वाचला म्हंजे मीच वाचला की." साहेब हसला. तू पेन घट्ट धरून, जीभ दातात दाबून, आयुष्यातली पहिली सही केलीस. ळू सरळ आला. तू माझ्याकडं बघितलंस, शाबासकीसाठी.

मी शाबास म्हणालो.

त्या कागदाच्या जोरावर मी दादावर दावा लावला. दोन वाटे माझे, एक त्याचा. सहा वर्षं झाली. दादा कोर्टात पहिल्या दिवसापासून एकच सांगतोय, आक्काला जोतीनं फसवलं. त्याला तुझी कणव आहे असं मी म्हणणार नाही. तुला वाटा द्यायचं त्याच्याही मनात कधी आलं नाही. पण तो बोलतोय ते खरं आहे, आणि मी त्याला दर तारखेला खोटा पाडतोय.

मधल्या काळात तुला भेटत राहिलो, हे मला अजून समजत नाही. पंच्याहत्तर साली महिला वर्षाची सभा झाली, तू सातारला आली होतीस, मागच्या रांगेत बसलीस. मी लेकीच्या हक्कावर बोललो. शेवटी बनुबाई म्हणून एक भाजीवाली उठली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मास्तर, बोलता लय ग्वाड. तुमच्या भनीला दिला का वाटा?" मी पेल्यातलं पाणी घ्यायला वळलो. तेवढ्यात मागून तू उभी राहिलीस. "मी हाय त्येंची भन. माज्या भावानं मला काय कमी केलं न्हाई," म्हणालीस. टाळ्या थांबेनात. त्या टाळ्या मी घेतल्या, आक्का. हात जोडून घेतल्या. घरी आल्यावर तू मला म्हणालीस, "त्या बाईचं मनावर घिऊ नगंस. तिच्या भावानं तिला नागवलं आसंल." आणि मला ताटात जास्तीची भाकरी वाढलीस.

गेल्या वर्षी दादाच्या वकिलानं ती ओळ तुला वाचून दाखवली, हे मला कळलं होतं. मी वाट बघत होतो, आता तू येशील, पायरीवर उभी राहून मला विचारशील. तू आली नाहीस. संक्रांतीला तिळाच्या वड्या आल्या, नेहमीसारख्या. मी त्या खाल्ल्या आणि स्वतःला सांगितलं, तिनं माफ केलं. किती सोयीचं!

शनिवारी माझे वकील हंबीरराव सांगलीहून आले. येत्या सोमवारी, तेरा तारखेला, तुझी साक्ष आहे. तुला काय सांगायचं ते पढवायला ते पलूसला जाऊन आले होते. चहाची बशी ओठाला लावून म्हणाले, "मास्तर, पेढे काढा. पढवायची गरजच पडली न्हाई. अशी साक्षीदार सात जल्मात मिळायची न्हाई." मी विचारलं, काय म्हणाली? त्यांनी तुझी नक्कल करून सांगितलं. तू म्हणालीस, "जोतीनं समदं वाचलं आसणार. त्यो वळ गाळत न्हाई. माज्याच कानात ऱ्हायली नसंल."

आक्का, तुझ्या कानात राहिली नाही असं नाही. मी ती तुझ्या कानात घातलीच नाही. आठ वर्षांनी आज घालतो. दाजी, ही ओळ दोनदा वाचा.

"सदर मिळकतीतील व धंद्यातील माझा एक तृतीयांश हिस्सा मी माझे धाकटे बंधू जोतीराम यांचे लाभात राजीखुशीने कायमचा सोडून देत असून, त्यावर माझा वा माझे वारसांचा यापुढे कसलाही हक्क राहिलेला नाही."

ही ती ओळ. एवढी एकच.

तू म्हणशील, झालं गेलं, कागद फाडून टाक, माझा वाटा वाटेल तेव्हा दे. नाही. मी दावा काढून घेतला तरी तो कागद तसाच राहतो, तुझ्या सहीसकट. आणि मी माझ्या हातानं तुझा वाटा परत केला तर ते भावानं बहिणीला दिलेलं देणं होईल, दिवाळीच्या लुगड्यासारखं. लोक मला पुन्हा टाळ्या देतील. ते तुझं आहे, आक्का. मी देणारा कोण? आणि तुझ्या साक्षीनंतर मी उठून कबूल केलं, तर देवाची शपथ घेऊन खोटं बोललेली तू ठरशील. ज्या बाईनं उभ्या जन्मात कंदील विझलेला असताना जळतोय असं सांगितलं नाही, तिला मी तिथवर आणलंय. माझ्या नोकरीचं काय होईल, सभांचं काय होईल, याचा विचार तू करू नकोस. तो करत बसलो म्हणून तर आठ वर्षं गेली. दादा हसेल. हसू दे. त्याच्या पेवात निदान हळद होती.

सोमवारी दाजींना घेऊन सकाळच्या गाडीनं सांगलीला ये. मी कोर्टाच्या दारात असेन, पण माझ्याकडं बघू नकोस. बघितलंस तर तुझं मन विरघळेल. हंबीररावांशीही बोलू नकोस. शपथ घे. कागद तुला वाचून दाखवला होता का, असं विचारतील. त्या दिवशी पेवाच्या तोंडावर उभी होतीस तशी उभी राहा आणि आबांना सांगितलंस त्याच आवाजात सांग, "समदा न्हाई. माज्या भावानं एक वळ गाळली." तुझ्यानंतर माझी साक्ष आहे. मी हेच सांगणार आहे, पण पहिल्यांदा ते तुझ्या तोंडून यायला हवं. एवढं एक वाक्य बोल, आक्का.

तुझाच,
जोती